इराणात बाँब पडला, आमच्या गोणीचं काय?

यावेळी टपालात अन् व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याच्या वर एकाच जातीचे निघाले. सासू-सून, सातबारा, पीकविमा हे नेहमीचं बाजूला राहिलं अन् जो तो विचारून राहिला की ताई, ते तिकडं परदेशात जे चाललंय त्याचं आम्ही इथं बसून काय करायचं. बरं झालं. सातबाऱ्याचं उत्तर तलाठ्याकडं असते, याचं कुणाकडंच नसते, म्हणून मी बिनधास्त देते. नावं नेहमीप्रमाणं छापत नाही, भाषा मात्र ज्याची त्याची ठेवली आहे.

*

ताई, माझे सासरे पंच्याहत्तरीचे, बीपीची गोळी चालू आहे. सकाळी उठले की टीव्ही, रात्री झोपेपर्यंत टीव्ही, अन् त्यात फक्त लढाई. ताट वाढलं की म्हणतात, पाय आता तिसरं महायुद्ध होते. बंद केला तर रागावतात. 2025च्या मे महिन्यात टीव्हीतला भोंगा ऐकून आमची आजेसासू रात्री अंगणात जाऊन बसली होती, का तर छत पडन म्हणे. काय करू?
— एक सून, दिग्रस तालुका

सूनबाई, आधी आजेसासूबाईंची बाजू घेते, त्या बिलकुल चुकल्या नाहीत. भोंगा वाजला तर आत राहायचं की बाहेर पडायचं हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? 7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल होती, अन् मग चॅनेलवाल्यांनी तो हवाई हल्ल्याचा भोंगा लग्नातल्या बँडसारखा येता-जाता वाजवायला घेतला. शेवटी 10 मेला सरकारलाच त्यांना सांगावं लागलं की बाबांनो, जनजागृतीचा कार्यक्रम सोडून हा आवाज वापरू नका, लोकांच्या कानाला सवय झाली तर खरा वाजेल तेव्हा कुणी उठणार नाही. म्हणजे तुमची म्हातारी एकटी नव्हती, तिच्यापायी दिल्लीहून पत्रक निघालं म्हणा ना.

आता सासरे. रिमोट लपवू नका, त्यानं बीपी जास्त वाढते, अनुभव आहे. आमच्या मामंजींचं असंच झालं होतं 2022च्या फेब्रुवारीत, 24 तारखेला रशिया युक्रेनमध्ये घुसला अन् हे पंधरा दिवस खुर्चीवरून हलले नाहीत, एकच जळणारी बिल्डिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाळीस वेळा दाखवत होते अन् यांना वाटायचं चाळीस बिल्डिंगा जळाल्या. मग माझ्या पोट्ट्यानं त्याचा शाळेतला नकाशा आणून दिला, आबा खारकीव कुठं आहे ते दाखवा. झालं, तिथून चष्मा लावून बोट फिरवणं सुरू झालं. दोन दिवसांनी मला विचारतात, तिथं म्हणे काळी माती आहे आपल्यासारखी, गहू अन् सूर्यफूल घेतात, मग हे तर कास्तकारच आहेत की! त्या वर्षी आपल्या दुकानात सूर्यफुलाचं तेल काहून भडकलं तेही त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं, कारण आपल्याकडं येणारं बहुतेक सूर्यफूल तेल तिकडूनच येत होतं. भीती गेली नाही, पण ताट वाढल्यावर महायुद्ध बंद झालं.

अन् एक करा, आकाशवाणीचं बातमीपत्र लावून द्या. माझ्या मते रेडिओच्या बातम्यांचा सगळ्यात मोठा गुण हा की त्या संपतात.

*

नमस्कार ताई. 2025च्या जूनमध्ये इराण-इस्रायल सुरू झालं तेव्हा गावात हवा झाली का होर्मुझ बंद होऊन राहिलं, डिझेल आता 150 होते. मी एक ड्रम अन् दोन कॅन भरून ठेवले, डीएपी खताच्या बारा गोण्या जास्तीच्या उचलल्या त्याही लिंकिंगमध्ये, नको असलेली औषधाची बाटली गळ्यात घेऊन. डिझेल चार आणेही वाढलं नाही. बायको अजून बोलते. बातमी खोटी होती का मी येडा?
— कास्तकार, दारव्हा तालुका

भाऊ, दोन्ही नाही. बातमी खरी होती, तुमचा हिशोब अर्धा होता.

होर्मुझ म्हणजे इराण अन् ओमानच्या मधली समुद्राची चिंचोळी वाट, सगळ्यात अरुंद जागी साधारण 33 किलोमीटर, म्हणजे दारव्ह्याहून यवतमाळला जाता त्याच्याही आत. जगात जेवढं तेल जळते त्याचा सुमारे पाचवा भाग त्या वाटेनं जायचा. 13 जूनला इस्रायलचे इराणवर हल्ले सुरू झाले, 22ला अमेरिकेनं फोर्डो, नतान्झ, इस्फहान इथं बाँब टाकले, त्याच दिवशी इराणच्या संसदेनं सामुद्रधुनी बंद करायला पाठिंबा दिला. तुमच्या गावातली हवा इथून आली. पण संसदेचं म्हणणं अन् शेवटचा निर्णय यात फरक होता, निर्णय त्यांच्या सुरक्षा परिषदेकडं होता. ग्रामसभेनं ठराव घेतला म्हणून रस्ता झाला असं होते का आपल्याकडं? 24 तारखेला लढाई थांबली, वाट त्या बारा दिवसांत बंद झाली नाही अन् तेल खाली आलं. दुसरं असं की पंपावरचा भाव आपल्याकडं दरवेळी जगाच्या भावासोबत त्याच दिवशी नाचत नाही, मध्ये तेल कंपन्या अन् सरकारचा कर बसलेला असतो. (ड्रमभर डिझेल घरात ठेवू नका हो, तुमच्या बायकोचं त्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे.)

गोणीचा मामला मात्र वेगळा आहे अन् तिथं तुमचं नाक बरोबर चाललं होतं. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपये, हा भाव सरकारनं अनुदान देऊन धरून ठेवलेला, म्हणून जगात भडका उडाला की आपल्याकडं भाव वाढत नाही तर गोणीच गायब होते, अन् गोणी कमी पडली की लिंकिंग सुरू. आपल्याला लागणाऱ्या डीएपीतलं निम्म्याहून जास्त बाहेरून येते, सौदी, मोरोक्को, पहिले चीनकडूनही भरपूर यायचं पण 2021च्या शेवटापासून चीननं निर्यातीवर हात आखडता घेतला. त्यात 2023च्या नोव्हेंबरपासून येमेनचे हुथी बंडखोर लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करायला लागले, तेव्हा सुएझची जवळची वाट सोडून कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्तीचे, भाडं जास्त, विमा जास्त. आपली पेरणी काही बारा दिवस थांबत नाही. पोटॅश तर आपल्याकडं जवळपास सगळंच आयात, रशिया अन् बेलारूस त्यातले मोठे, म्हणून 2022 साली पोटॅशची गोणी 1700 रुपयांपर्यंत गेली होती, आठवते ना? युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशावर थांबलेली दिसते पण तो गॅसपासून बनते अन् त्यातला बराच गॅस कतारहून येते, म्हणजे फिरून त्याच होर्मुझातून.

म्हणून मी तर लढाईच्या बातमीत रणगाडे बघतच नाही, जहाजं कुठं अडकली ते बघते. अन् मार्च-एप्रिलात बघते, जूनमध्ये बघून काय उपयोग. सोयाबीनसाठी डीएपी नाहीच मिळाली तर रडत बसू नका, एका गोणीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या अन् थोडा युरिया, स्फुरद तेवढंच पडते अन् वरून गंधक मिळते, तेलबियांना ते लागतेच. वाहतूक जास्त पडते हे मान्य. कृषी सहायकाला विचारून प्रमाण ठरवा. अन् लिंकिंग बेकायदेशीर आहे, पक्कं बिल मागा, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या. देणार नाही हे मला माहीत आहे, कारण पुढच्या वर्षी त्याच दुकानात उधारीवर जायचं असते.

*

अमेरिकेत गाईले बर्ड फ्लू झाला म्हणे, दूध प्यावं का नाही?
— दूधवाला, वरुड

प्या, अन् विका, पण उकळून. 2024च्या मार्चमध्ये तिथं टेक्सास अन् कॅन्ससच्या गोठ्यांत एच5एन1 सापडला ही गोष्ट खरी आहे, पण उष्णतेनं तो विषाणू मरते, धोका कच्च्या दुधाचा. तिथं कच्चं दूध पिण्याची फॅशन निघाली आहे काही लोकांत, आपल्याकडं साय धरायची असते म्हणून तरी उकळतेच. बाकी तुम्हाला घाबरायचंच असेल तर टेक्सासला कशाला जाता, नागपूरला गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये 2024च्या डिसेंबरात तीन वाघ अन् एक बिबट्या याच एच5एन1नं गेले. गोठ्याजवळ कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा, एवढं तुमच्या कामाचं.

*

मॅडम, पोरगी बिश्केकला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दीड एकर विकून पाठवली. तिकडची काही बातमी आली का भाऊबंद व्हिडिओ पाठवतात, परत आण म्हणतात. पोरगी म्हणते बाबा इथं काही नाही. कोणाचं खरं मानू? रात्र-रात्र झोप नाही.
— वडील, मंगरूळपीर तालुका

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरीचं ऐका, पण नुसतं ‘काही नाही’वर थांबू नका.

बिश्केकचं, म्हणजे किर्गिझस्तानच्या राजधानीचं, काय झालं होतं ते सांगते, कारण त्यात व्हिडिओचाच सगळा खेळ आहे. 13 मे 2024ला तिथं स्थानिक पोरं अन् परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. चार दिवस काही नाही. 17 तारखेला त्या मारामारीचा व्हिडिओ फिरला अन् त्या रात्री जमाव होस्टेलांवर चालून गेला, मार जास्त पाकिस्तानी पोरांना बसला, आपल्या वकिलातीनं आपल्या पोरांना घरातच राहा म्हणून सांगितलं अन् चोवीस तासांचा फोन नंबर दिला. मग दुसरी लाट, इतके मेले, तितके मेले, अशा पोस्टी. विद्यार्थी मेल्याचं किर्गिझस्तान अन् पाकिस्तान, दोन्ही सरकारांनी नाकारलं. म्हणजे पहिल्या व्हिडिओनं तिथं दगड मारले अन् दुसऱ्या पोस्टींनी इथल्या आयांना मारलं. तुमच्या भाऊबंदांना जे आलं ते कोणत्या तारखेचं आहे हे त्यांना विचारा, मला शंका आहे की अजून तेच फिरून राहिलं असेल.

तारीख बघायची युक्ती पोरांना येते, व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा अन् गूगल लेन्समध्ये टाकायचा, जुना असला तर जुन्या बातम्या निघतात. युक्रेन असो की गाझा, अर्मा 3 नावाच्या व्हिडिओ गेममधली लढाई खरी म्हणून लाखो लोकांनी पाहिली, चॅनेलवर चढली. तुमचे भाऊबंद तर बिचारे साधे लोक.

आता ‘परत आण’ म्हणणाऱ्यांसाठी. 2021च्या नियमांप्रमाणं परदेशात डॉक्टरकी शिकायची तर किमान 54 महिने शिक्षण अन् वर पुरे बारा महिने इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, मग इथं येऊन परीक्षा. तिसऱ्या वर्षी मधून उठून आली की ते वर्ष कुठं जोडायचं हा प्रश्न. युक्रेनच्या पोरांना खास सवलत द्यावी लागली होती ती पुरी लढाई होती म्हणून. त्या वेळी ऑपरेशन गंगात हजारो पोरं आणली, पण आणली तेव्हा ज्यांची नावं वकिलातीकडं होती त्यांना निरोप सोपा गेला. म्हणून पोरीला सांगा: वकिलातीत नाव नोंदवलं का, पासपोर्टची फोटोकॉपी तुमच्याजवळ आहे का, तिच्या खोलीतल्या एका मैत्रिणीचा नंबर तुमच्याजवळ आहे का. अन् रोज एका ठरलेल्या वेळी फोन. बिश्केक आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढं आहे, तुम्ही रात्री नऊला गाईला कुटार टाकून बसता तेव्हा तिथं साडेनऊ, पोरगी जागीच असते.

*

मामाच्या पोराला थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीचा जॉब लागून राहिला, 80 हजार पगार, इंटरव्ह्यू टेलिग्रामवर, तिकीट पण तेच देतात. जाऊ द्यावं का?
— बारावी पास, दुसऱ्याचं विचारून राहिलो, पुसद

दुसऱ्याचं का तुमचं ते तुम्हाला माहीत. जाऊ नका.

बँकॉकला उतरवतात, गाडीत घालतात, नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी, तिथं कंपाउंडमध्ये कोंडून ऑनलाइन लोकांना फसवायचं काम, पासपोर्ट काढून घेतात, नाही म्हटलं की मार. 2025च्या मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी असे पाचशेच्या वर लोक परत आणले. रशियात मदतनीस म्हणून नेलेली पोरं लढाईत उभी केली, त्यावर 2024च्या मार्चमध्ये सीबीआयनं केस केली. म्हणजे जी बातमी आपण ‘तिकडची’ म्हणून सरकवतो ती एखाद्या दिवशी मोबाईलवर नोकरी घेऊन येते. बाहेर जायचंच असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना आहे का ते बघा, एजंटची फी कायद्यानं 30 हजार अन् जीएसटीच्या वर घेता येत नाही. अन् जो तुम्हाला डेटा एन्ट्रीसाठी स्वतःच्या खर्चानं विमानात बसवून नेते, त्याला स्वतःला विचारा की तुझ्या गावात टाइपिंग येणारं कुणी नाही का.

*

ताई मी आशा सेविका आहे. डोस पाजायला गेलं की लोक विचारतात पोलिओ तर गेला ना, मग काहून? अन् मोबाईल दाखवतात की जागतिक आरोग्य आणीबाणी लागली, आता लॉकडाऊन का? मी काय सांगू?
— आशा, चिखलदरा तालुका

तुमच्या प्रश्नासाठी तर मी हे सदर चालवते.

भारतात पोलिओची शेवटची केस 13 जानेवारी 2011ची, हावड्याची एक लहान पोरगी. 2014च्या मार्चमध्ये प्रमाणपत्र मिळालं. पण जंगली पोलिओ पाकिस्तान अन् अफगाणिस्तानात अजून गेलेला नाही, अन् जिथं लढाईमुळं डोस चुकतात तिथं तो दुसऱ्या रूपात परत येते. गाझात 25 वर्षं एकही केस नव्हती, 2024च्या ऑगस्टमध्ये दहा महिन्यांचं पोरगं लुळं पडलं. मग 1 सप्टेंबरपासून रोज काही तास बाँब थांबवून डोस पाजले, तुमच्यासारख्याच बाया आइसबॉक्स घेऊन फिरल्या. हे सांगा त्या आयांना, त्यांना पटते, मी पाहिलं आहे.

आणीबाणी हा शब्द मात्र आपल्या लोकांना भलताच लागते, 1975ची आठवण. डब्ल्यूएचओची आणीबाणी म्हणजे सगळ्या देशांना दिलेली हाक, की या रोगावर मिळून लक्ष ठेवा. लॉकडाऊन त्यात येतच नाही, ते प्रत्येक देशाचं सरकार ठरवते. पोलिओसाठी ही आणीबाणी 2014च्या मेमध्ये लागली, त्यानंतर आपण किती लग्नं जेवलो! मंकीपॉक्ससाठी 2022ला लागली, उठली, 2024च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लागली, 2025च्या सप्टेंबरात उठली. उठल्याचा मेसेज कुणी फॉरवर्ड केला का तुम्हाला? 2025च्या जानेवारीत चीनमधला ‘नवा’ एचएमपीव्ही म्हणून बोंब झाली, तो 2001 साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला जुना सर्दीचा विषाणू.

*

तुम्ही गाझा, युक्रेन करता. इथं कापसाला भाव नाही. आपल्याले काय लेना-देना?
— एक जुना वाचक, खामगाव

काका, तुम्ही खामगावहून हे विचारता याची मला मोठी गंमत वाटली. तुमचं गाव कापसाची मंडी म्हणून दुनियेत कशानं पोचलं? 1861 साली अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढाई जुंपली, दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग त्यांची नजर वऱ्हाडावर. भाव असा चढला की वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड. 1865ला लढाई संपली अन् भाव धाडकन पडला, पण तोवर ज्वारीची जमीन कपाशीत गेली होती. 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तुमच्या खामगावला रेल्वे अन् कापूस बाजार सुरू करायला आला. त्या वेळच्या कास्तकाराला अमेरिकेची लढाई कुणी सांगितली असती, अन् ती संपली हेही वेळेवर सांगितलं असतं, तर किती पुंजी वाचली असती.

आता 2025 घ्या. रशिया-युक्रेन सुरू, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं दंडाचे 25 टक्के लावले, 27 ऑगस्टपासून एकूण 50 टक्के. कापडवाल्यांची निर्यात अडकली, त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टला काढलं, पहिले 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत. हमीभाव मध्यम धाग्याला 7710, लांब धाग्याला 8110, अन् व्यापारी त्याच्या किती खाली मागत होता ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. युक्रेनचा गोळा अन् तुमचा काटा, मध्ये एवढीच चार घरं आहेत.

अन् लेना-देना उलट्या बाजूनंही असते. 2021च्या फेब्रुवारीत अमरावती-अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागलं तेव्हा दुबईहून माझ्या भाच्याचा फोन, मावशी, तुमच्या अमरावतीचं नाव इथल्या पेपरात आहे, तुम्ही जिवंत आहात ना! मी पापड लाटत होते. पुढं कोरोनाच्या नव्या रूपाला जगभर ‘इंडियन’ म्हणायला लागले, 31 मेला डब्ल्यूएचओनं डेल्टा नाव दिलं तेव्हा कुठं तो शिक्का पुसायला लागला.

2025च्या जानेवारीत तुमच्या शेजारी शेगाव तालुक्यात लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं, तेव्हाही बाहेरच्या देशांत फोटो छापून आले. पहिले पाण्याला दोष, मग बुरशी, मग शाम्पू, अन् महिन्यानंतर गव्हातल्या सेलेनियमचं नाव पुढं आलं. माझ्या चुलतबहिणीची जाऊ तिकडची, तिच्या भाच्याची सोयरीक तेव्हा बैठकीतून उठली. केस आले, सोयरीकही दुसरीकडं झाली, पोरगं मजेत आहे. ती मला विचारत होती की ज्यानं टकलाचा फोटो काढून नेला तो आता केसांचा काढायला येते का, त्याचा नंबर असला तर दे.

पुढच्या अंकात पीकविमा. प्रश्न 20 तारखेच्या आत पाठवा, अन् कृपा करून व्हॉइस मेसेज नको, मागं ट्रॅक्टर चालू असते.